काल्पनिक बेसबॉल टीम लिहितेय, पण तिचं मैदान काही केल्या उभं राहत नाहीये

ओसरीवरची

नमस्कार मंडळी, इथे अमेरिकेत राहून बेसबॉल मनापासून बघणारे बरेच जण आहेत म्हणून हा धागा काढतेय. दिवाळी अंकासाठी एक दीर्घकथा लिहायला घेतलीय आणि ती अख्खी एका बेसबॉल टीमभोवती फिरते. टीम काल्पनिक, गावही काल्पनिक, पण मुलूख खरा, पेनसिल्व्हेनियातलं लीहाय नदीचं खोरं, आणि काळ १९४९ ते १९५५. गावाचं नाव ठेवलंय वेंडल्स फेरी. त्या भागात कोळसा वाहून नेणारा कालवा होता, मॉक चंकपासून खाली ईस्टनपर्यंत, काठावरून खेचरं चालायची आणि बोटी ओढायची, आणि कालव्याची दारं उघडायला-लावायला जी माणसं तिथेच घर करून राहायची ती लॉकटेंडर, म्हणून टीमचं नाव लॉकटेंडर्स. खेचरांच्या वाटेवरून मैदानाचं नाव टोपाथ पार्क. टीम अगदी खालच्या लीगमधली, मोठ्या लीगचं स्वप्न बघणारी पोरं आणि उतरणीला लागलेले दोन-तीन जुने खेळाडू.

मुख्य पात्र म्हणजे मैदान सांभाळणाऱ्या माणसाची लेक, वय वर्षं बारा, स्कोअरबोर्डच्या मागे बसून आकड्यांच्या पाट्या लावते. माणसं सगळी डोक्यात पक्की आहेत, त्यांचं बोलणं ऐकू येतं मला, पण मैदानाचं वर्णन करायला घेतलं की हिरवं गवत, पांढऱ्या रेषा, दिवे, पॉपकॉर्न, याच्यापुढे गाडी जातच नाही. हे वर्णन कुठल्याही मैदानाला चिकटेल आणि तेच मला नकोय.

तर प्रश्न असा की मैदान रचताना मला मोकळीक किती? मापं ठरलेली असतात का? आणि मैदान तिथल्या टीमला खरंच घडवतं का, की हे नुसतं जुन्या चाहत्यांचं प्रेम बोलतं?

(कथेत मराठी पात्र नाहीये आणि आणायचंही नाहीये, ती गोष्ट त्या गावाची आहे.)

फेनवेवाला

मोकळीक भरपूर आहे आणि मला विचाराल तर या खेळातली सगळ्यात सुंदर गोष्ट तीच आहे. आतला चौकोन एकदम काटेकोर, एका बेसपासून दुसऱ्या बेसपर्यंत ९० फूट, पिचरच्या (बॉल टाकणाऱ्याच्या) पट्टीपासून होम प्लेटपर्यंत (जिथे बॅटर उभा राहतो) ६० फूट ६ इंच, यात कोणी इंचभर हलवाहलव करू शकत नाही. पण एकदा आउटफिल्डमध्ये, म्हणजे बेसच्या पलीकडच्या गवतात, शिरलात की कुंपण किती लांब, किती उंच, सरळ की वाकडं, हे सगळं ज्याच्या त्याच्या जागेवर अवलंबून. १ जून १९५८ नंतर प्रोफेशनल टीमने नवीन मैदान बांधलं तर दोन्ही फाउल लाइनवर (होम प्लेटपासून निघून मैदानाच्या दोन कडा ठरवणाऱ्या रेषा) किमान ३२५ फूट आणि मधोमध किमान ४०० फूट हवं असा नियम आहे (त्यालाही पुढे सवलती मिळाल्यात, सॅन फ्रान्सिस्कोचं मैदान उजवीकडे ३०९ फूटच आहे). तुमची कथा १९५५ ला संपते म्हणजे तुम्हाला तेवढंही बंधन नाही.

मैदान टीमला घडवतं का, तर याचं उत्तर एकाच मॅचमध्ये मिळतं. न्यूयॉर्कला पोलो ग्राउंड्स नावाचं मैदान होतं, जायंट्सचं. टेकडीच्या पायथ्याशी लांबट जागा मिळाली, मग मैदानही लांबट, घोड्याच्या नालेसारखं. डाव्या लाइनवर २७९ फूट, उजव्या लाइनवर फक्त २५८, आणि मधोमध गेलं तर जवळजवळ ४८० फूट. आता १९५४ ची वर्ल्ड सिरीज (मोठ्या लीगची अंतिम मालिका), पहिली मॅच, समोर क्लीव्हलँड, आठवी इनिंग, स्कोअर २-२, दोन रनर बेसवर. क्लीव्हलँडच्या विक वर्ट्झने बॉल असा मारला की तो ४०० फुटांच्याही पुढे गेला, इतर बहुतेक मैदानांत सरळ होम रन (क्रिकेटमधल्या सिक्सरसारखा, कुंपणापलीकडे), पण इथे मधोमध मोकळं रानच होतं, जायंट्सचा विली मेज कुंपणाकडे तोंड करून पाठमोरा धावत सुटला आणि खांद्यावरून आलेला बॉल त्याने पकडला. लोक त्या कॅचबद्दल अजून बोलतात. पण त्याच मॅचमध्ये दहाव्या इनिंगमध्ये जायंट्सच्या डस्टी ऱ्होड्सने उजव्या लाइनजवळ उंच फटका मारला, जेमतेम २६० फूट, दुसरीकडे कुठेही सोपा कॅच, इथे तीन रनांचा होम रन आणि जायंट्स ५-२ ने जिंकले. लांबचा फटका आउट आणि जवळचा फटका जिंकून देणारा. ही मॅच ज्या मैदानावर झाली त्याच मैदानावर होऊ शकते.

आमच्या बॉस्टनच्या फेनवे मैदानाचं तसंच. १९१२ साली बांधलं, डावीकडे लॅन्सडाउन स्ट्रीट अगदी खेटून, रस्ता हलवता येत नाही म्हणून कुंपण ३१० फुटांवर, आणि इतकं जवळ आहे म्हणून भिंत ३७ फूट उंच. बरेच सरळसोट जोरदार फटके जे दुसरीकडे बाहेर जातील ते इथे भिंतीवर आपटून खाली येतात आणि बॅटरला दोनच बेस मिळतात, उलट एखादा साधा उंच उडालेला बॉल अलगद भिंतीपलीकडे जातो. मग लेफ्ट फील्डर असा लागतो ज्याला भिंतीवरून बॉल कुठल्या कोनात परतणार ते कळतं. तिथल्या रेड सॉक्स टीमच्या यास्त्रेम्स्कीने ती विद्या इतकी आत्मसात केली होती की समोरचे रनर दुसऱ्या बेसकडे वळायला कचरायचे.

म्हणून माझं म्हणणं, गवतापासून सुरुवात करू नका. आधी जमिनीचा तुकडा ठरवा. कुठे रस्ता, कुठे रेल्वे, कुठे कालवा, कोणाचं घर पाडायला कोणी तयार झालं नाही. त्यातून मैदान बेढब झालं की त्या बेढबपणातून टीम आपोआप घडते.

चाफेकळी

वा काय धागा आहे! बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही तरी वाचतेय. पुढे लिहा सगळ्यांनी.

रारिटनकर

ओसरीवरची ताई, तुम्ही कुठे राहता माहीत नाही पण न्यू जर्सीत असाल तर घरबसल्या वर्णन शोधू नका, ब्रिजवॉटरला जाऊन या. बालाजी मंदिरात आपली अर्धी जनता जातेच, तिथून गाडीने फार लांब नाही सॉमरसेट पेट्रियट्सचं मैदान. १९९८ पासून ही टीम आहे, आधी कोणाशीच न जोडलेली स्वतंत्र होती, २०२१ पासून यँकीजच्या खालची डबल-ए टीम आहे, म्हणजे मोठ्या लीगच्या दोन पायऱ्या खाली. मोठ्या स्टेडियमला जाऊन तुम्हाला हवं ते नाही मिळणार, पण इथे बॅटरच्या बुटाखाली माती कशी करकरते ते ऐकू येतं, पिचरच्या बॉलचा कॅचरच्या ग्लोव्हमध्ये होणारा ठप्प असा आवाज येतो, मैदानाला लागूनच रेल्वे स्टेशन आहे आणि मॅच चालू असताना गाडी येऊन थांबते. तुमच्या १९४९ च्या गावात हे असंच असणार फक्त गाडी कोळशाची.

आणि एक दिवस पॅटरसनला जा, हे मी मनापासून सांगतोय कारण तुमच्या गोष्टीला याहून जवळचं मैदान मला माहीत नाही. पॅसेइक नदीचा धबधबा, त्या पाण्याच्या जोरावर उभ्या राहिलेल्या रेशमाच्या गिरण्या, आणि धबधब्याच्या अगदी डोक्यावर हिंचलिफ स्टेडियम. १९३२ साली गावाने बांधलेलं काँक्रीटचं, लांबट अंडाकृती, कारण ते काही फक्त बेसबॉलसाठी बांधलेलं नव्हतं, शाळांच्या शर्यती, फुटबॉल सगळंच तिथे चालायचं. काळ्या खेळाडूंना मोठ्या लीगचे दरवाजे बंद होते त्या काळात न्यूयॉर्क ब्लॅक यँकीज इथे खेळायचे. लॅरी डोबी पॅटरसनच्याच शाळेतला, १९४२ मध्ये न्यूअर्क ईगल्सने त्याला इथेच आजमावून बघितलं, आणि १९४७ च्या जुलैत तो क्लीव्हलँडकडून उतरला, अमेरिकन लीगमधला (मोठ्या लीगच्या दोन भागांपैकी एक) पहिला काळा खेळाडू. १९९७ ला स्टेडियम बंद पडलं आणि कित्येक वर्षं तसंच मोडकळीला आलेलं, झाडं उगवलेली. २०२३ मध्ये पुन्हा उघडलं आणि न्यू जर्सी जॅकल्स तिथे खेळायला आले. तिथल्या पायऱ्यांवर बसलात की पाण्याचा आवाज येतो. तुमच्या कालव्याला आवाज द्या ताई, आत्ता तो नुसता नावापुरता आहे.

जाता जाता आणखी एक. तुमचा काळ १९४९ चा आहे तर लॉकटेंडर्समध्ये काळा खेळाडू आहे का हा प्रश्न टाळता येणार नाही. जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनकडून १९४७ मध्ये खेळला आणि मोठ्या लीगमधली ती बंदी मोडली हे सगळ्यांना माहीत, पण त्याच्या वर्षभर आधी, १८ एप्रिल १९४६ ला, तो मॉन्ट्रियलच्या टीमकडून पहिली मॅच खेळला ती आपल्या जर्सी सिटीत, रूझवेल्ट स्टेडियममध्ये. चार हिट, त्यातला एक होम रन. ते स्टेडियम १९८५ मध्ये पाडलं. म्हणजे या बदलाची सुरुवात खालच्या लीगांतूनच झाली, तुमच्या टीमसारख्या टीमांच्या मैदानांवर, आणि तो खेळाडू रात्री गावात कोणाच्या घरी राहायचा हेही त्या बदलात आलंच.

माळीबुवा

मुख्य पात्र मैदान सांभाळणाऱ्याची मुलगी आहे म्हटल्यावर मला लिहिल्याशिवाय राहवेना, शिक्षणाने हॉर्टिकल्चरवाला आहे आणि इथे एका कॉलेजच्या मैदानांवर काम केलंय.

फेनवेवाल्यांनी कुंपणाचं सांगितलं ते बरोबर, पण कुंपण एकदा उभं राहिलं की राहिलं. मैदान रोज सकाळी जो माणूस बदलतो तो तुमच्या नायिकेचा बाप आहे. आतलं गवत चार दिवस न कापता वाढू दिलं तर जमिनीलगत येणारा बॉल मंदावतो, मग ज्यांचे पिचर बॉल खाली खेळायला लावतात आणि ज्यांची पोरं हळूच बंट करून (बॅट न फिरवता बॉल नुसता जवळच टेकवून) पळतात त्या टीमचा फायदा. गवत बारीक कापलं आणि माती कडक ठेवली की बॉल सुसाट निघतो. फिलाडेल्फियाला रिची ॲशबर्न म्हणून बॅटर होता, बंट करण्यात पटाईत, तर त्याचे बंट फाउल जाऊ नयेत म्हणून तिथल्या माणसांनी लाइनजवळची जमीन हलकीशी उंचावून आतल्या बाजूला उतार दिला होता. आणि १९६२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला डॉजर्सचा मॉरी विल्स येणार, ज्याने त्या वर्षी १०४ बेस चोरले (म्हणजे फटका नसतानाच पळून पुढचा बेस गाठला), तर जायंट्सच्या (तेच, तोवर न्यूयॉर्क सोडून तिकडे गेलेले) लोकांनी पहिल्या बेसजवळ, तो जिथून पळ काढतो बरोब्बर त्याच जागी, वाळू टाकून पाणी मारून चिखल करून ठेवला. अंपायरनी ते उकरून काढायला लावलं. ही दोन्ही मोठ्या लीगमधली उदाहरणं आहेत, गावातल्या मैदानावर तर बघायलाच कोण येतंय.

तेव्हा बापाला नुसता राबणारा गरीब माणूस करू नका. टीमच्या मॅनेजरइतकीच मॅच त्याच्या हातात आहे आणि हे त्याला पक्कं माहीत आहे. आदल्या संध्याकाळी तो होज घेऊन उभा आहे आणि मॅनेजर येऊन नुसतं म्हणतो उद्या त्यांचा पळणारा पोरगा खेळतोय. बस, एवढंच. पुढे काय करायचं ते बाप ठरवणार. मुलगी ते ऐकतेय. मला तर तुमची गोष्ट इथेच सुरू होताना दिसते.

दिशा पण ठरवून टाका. होम प्लेटवरून सेकंड बेसकडे जाणारी रेषा पूर्व-ईशान्येकडे असावी अशी शिफारस नियमांच्या पुस्तकातच आहे, म्हणजे दुपारचा सूर्य बॅटरच्या पाठीमागे. पण मग तो कोणाच्या तरी डोळ्यांत जाणारच, तो जातो राइट फील्डरच्या. त्यामुळे तुमचा कालवा उजवीकडे असला तर राइट फील्डरच्या डोळ्यात ऊन आणि पाठीशी पाणी अशी अवस्था. त्या जागेवर उतरणीला लागलेला जुना खेळाडू ठेवा.

आणि चिखलाची गोष्ट तर तुम्हाला सोडताच येणार नाही. नवा कोरा बॉल इतका गुळगुळीत असतो की पिचरच्या बोटांत धरवत नाही, म्हणून मॅचआधी प्रत्येक बॉल चिखलाने चोळतात. हा चिखल डेलावेअर नदीच्या न्यू जर्सीच्या बाजूने काढला जातो, नेमकी जागा गुप्त ठेवतात. लीना ब्लॅकबर्न म्हणून फिलाडेल्फिया ॲथलेटिक्सचे कोच होते, त्यांनी हा शोधला आणि १९३८ मध्ये अमेरिकन लीगने घेतला. लीहाय ईस्टनला डेलावेअरलाच मिळते ना! तुमच्या गावाचं पाणीच पुढे त्या चिखलाला भिजवतंय. बापाकडे कॉफीच्या डब्यात तो चिखल, बोटभर घ्यायचा, तळहातावर थुंकी किंवा पाण्याचा थेंब, आणि बॉल गोल गोल फिरवत चोळायचा, शिवणीवर जास्त नाही, नुसती चमक जाईपर्यंत. काळा करायचा नाही, पांढऱ्यावर किंचित मळकट झाक आली की झालं. बारा वर्षांच्या मुलीला हे काम नक्की जमतं.

कोकणी_वारा

सगळं छान चाललंय पण मी थोडा वेगळा सूर लावतो. मैदानाचा आकार, माती, ऊन हे ठीक, पण तिथे पैसे देऊन बसणारं माणूस कुठाय? १९४९ हे वर्ष तुम्ही ठरवून घेतलंय की आपसूक आलं माहीत नाही, पण ते जबरदस्त आहे. त्या वर्षी खालच्या लीगांची संख्या ५९ होती आणि वर्षभरात चार कोटींच्या आसपास तिकिटं खपली. म्हणजे छोट्या छोट्या गावांत सुद्धा प्रोफेशनल टीम. आणि पुढच्या पाच-सहा वर्षांत हे सगळं धडाधड कोसळलं. घरात टीव्ही आला, त्यावर मोठ्या लीगच्या मॅचेस दिसायला लागल्या, लोकांनी गाड्या घेतल्या, संध्याकाळी उकडतंय म्हणून मैदानावर येणारे घरातच बसायला लागले. तुमची कथा बरोब्बर या उताराची आहे, तेव्हा मैदान आधी भरलेलं आणि मग रिकामं होत जाणारं दाखवायला हवं. लाकडी बाकांची कुठली रांग आधी रिकामी झाली, कोणाची नेहमीची जागा होती, कुंपणावर रंगवलेल्या जाहिराती, शिंपी, बेकरी, अंत्यविधीवाला, त्यातली कुठली पुढच्या वर्षी कोणी पैसे दिले नाहीत म्हणून पांढरी पुसून टाकली. मुलीला स्कोअरबोर्डमागून प्रेक्षकच समोर दिसतात, तिला हे सगळ्यात आधी कळणार.

कुंपणावरच्या जाहिरातीवरून आठवलं, ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डला एका कपडेवाल्याची पाटी होती, स्कोअरबोर्डखाली, बॅटरने बॉल थेट त्या पाटीवर मारला तर सूट फुकट. पण पाटी इतकी खाली आणि समोर राइट फील्डर उभा, क्वचितच कोणाला मिळाला असेल. असं काहीतरी तुमच्या गावात हवंच, गावातल्या दुकानदाराचा स्वभाव त्यातून दिसतो.

खालच्या लीगमधली एक पद्धत मला फार आवडते. टीमच्या माणसाने होम रन मारला की तो धावून परत येताना प्रेक्षक तारेच्या जाळीतून डॉलरच्या नोटा गुंडाळून पुढे करायचे आणि खेळाडू जाळीजवळून जात त्या गोळा करायचा. पगार अगदी तुटपुंजा, त्यामुळे ते पैसे खरंच लागायचे. १९४९ मध्ये जाळीतून किती हात बाहेर आले आणि १९५४ मध्ये किती, एवढं लिहिलंत तर दुसरं काही सांगावं लागणार नाही.

रात्रीचे दिवे मात्र बिनधास्त लिहा, लोकांना वाटतं मोठ्या लीगने आणले पण तसं नाही, खालच्या लीगांत १९३० पासूनच दिव्यांखाली मॅचेस होत्या, मोठ्या लीगची पहिली रात्रीची मॅच सिनसिनाटीला १९३५ मध्ये. कारण साधं, कामगार दिवसा गिरणीत. आणि पेनसिल्व्हेनियात रविवारच्या प्रोफेशनल बेसबॉलला १९३४ पर्यंत बंदी होती, चर्चवाल्यांचा जोर, त्यानंतरही दुपारच्या ठरावीक तासांतच परवानगी. तुमच्या गावात एखादी म्हातारी असेल जी रविवारी मैदानासमोरच्या फुटपाथवरूनसुद्धा जात नाही.

आणि शेवटाचं म्हणाल तर तुमच्या हातात खरी घटना आहे. ऑगस्ट १९५५, आठवड्याभरात दोन वादळं, कॉनी आणि मागोमाग डायॲन. डेलावेअरला इतका पूर आला की ईस्टन आणि फिलिप्सबर्गमधल्या पुलाचा मधला भाग वाहून गेला. कालव्याकाठचं मैदान त्यातून वाचणं शक्य नाही.

फेनवेवाला

कोकणी_वारा, बाकी सगळं पटलं, पुराने शेवट करायचं अजिबात नाही पटलं. पूर आला, मैदान वाहून गेलं, टीम संपली, म्हणजे कोणाचीच जबाबदारी नाही, सगळं देवाने केलं. तुम्हीच वर लिहिलंय की टीम पाच वर्षांत माणसांनी सोडली. मग पुराला का श्रेय द्यायचं? पूर येऊ दे, नक्की येऊ दे, तारीख खरी आहे, पण तो आला तेव्हा टीम आधीच गेलेली असावी. किंवा पूर ओसरल्यावर गावाने मैदान पुन्हा साफ केलं आणि तरीही लीगच उरली नाही, हे मला जास्त खरं वाटतं.

आणि टीम कोणाची आहे हेही ठरवा, मालकाची की गावाची. न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टरला रेड विंग्ज जाणार अशी वेळ आली तेव्हा १९५७ मध्ये गावकऱ्यांनीच शेअर घेतले आणि टीम राहिली, आजही ती तशीच लोकांच्या मालकीची आहे. म्हणजे गाव काही करू शकत नव्हतं असं नाही. वेंडल्स फेरीने ते केलं नाही, किंवा करायला गेले आणि पैसे कमी पडले. ती सभा कुठे होईल? मैदानातच, बाकांवर. तुमच्या कथेतला तो सगळ्यात मोठा प्रसंग होऊ शकतो.

कोकणी_वारा

सभेची कल्पना पुरापेक्षा चांगली आहे, मान्य. पण पूर पूर्ण सोडू नका ताई, त्या खोऱ्यातल्या माणसाला १९५५ म्हटलं की तेच आठवतं. ते नसेल तर तिथला वाचक म्हणेल हिला आमचा भाग माहीत नाही.

ओसरीवरची

किती दिलंत सगळ्यांनी, दोन दिवस नुसती वाचतेय आणि कागदावर आराखडा काढतेय. पॅटरसनला या शनिवारी निघालेय.

आता जमलंय ते असं. मैदान १९०९ चं, मूळ लाकडी, एकदा जळलं आणि पुन्हा तसंच बांधलं कारण काँक्रीटला पैसे नव्हते. डावीकडे रेल्वेचा बांध, तो हलत नाही, पण तो लांब आहे, ३६० फूट. मधोमध एका म्हातारीचं घर आणि तिची फळझाडं (हीच ती रविवारी न येणारी, धन्यवाद कोकणी_वारा), तिने जागा विकली नाही म्हणून कुंपणाला तिथे आत आलेला कोपरा. उजवीकडे कालवा आणि खेचरांची वाट, अगदी जवळ, लाइनवर फक्त २५० फूट. बॉल पाण्यात पडतात आणि पोरं जाळ्यांनी काढून परत आणून देतात, त्याबद्दल आत फुकट प्रवेश. यातून टीमचा स्वभाव असा निघाला की डावखुऱ्या बॅटरांची भरती (त्यांचे जोरदार फटके उजवीकडे जातात), सगळे कालव्यावर डोळा ठेवून, आणि बाहेरच्या गावी गेले की तेच फटके कॅच होतात म्हणून टीम घरी वाघ आणि बाहेर हरणारी. मोठ्या लीगचा माणूस बघायला आला तर या पोरांच्या होम रनवर त्याचा विश्वासच बसत नाही, तो म्हणतो हे कालव्याचे होम रन आहेत. हे मला फार लागलं लिहिताना. चांगला खेळणारा मुलगा त्याच्या मैदानामुळेच मागे राहतो.

आता शंका. २५० फूट म्हणजे फारच जवळ नाही का? लीग चालवून घेईल? दुसरे मॅनेजर ओरडणार नाहीत?

फेनवेवाला

ओरडतीलच, आणि ओरडायलाच हवेत. ही गोष्ट प्रत्यक्षात घडलेली आहे. शिकागोला १८८० च्या दशकात लेकफ्रंट पार्क होतं, तिथली लाइनवरची अंतरं २०० फुटांच्याही आत. त्यामुळे तिथला स्थानिक नियमच असा होता की कुंपणापलीकडे बॉल गेला तर दोनच बेस. १८८४ मध्ये त्यांनी नियम बदलून होम रन धरायला सुरुवात केली आणि नेड विल्यमसनने त्या वर्षी २७ होम रन मारले. हा विक्रम १९१९ मध्ये बेब रूथने २९ मारेपर्यंत टिकला. एका वाक्याचा नियम बदलला आणि पस्तीस वर्षांचा विक्रम तयार झाला.

मॅच सुरू होण्याआधी दोन्ही मॅनेजर आणि अंपायर होम प्लेटजवळ जमतात, टीमचे कागद देतात आणि त्या मैदानाचे स्थानिक नियम बोलून घेतात. तुमच्याकडे तो नियम असा ठेवा की कालव्याच्या बाजूला अमुक खांबाच्या उजवीकडून गेला तर दोन बेस, डावीकडून गेला तर होम रन. खांब लाकडी, रंग उडालेला. सगळ्या सीझनमध्ये बॉल खांबाच्या कुठल्या बाजूने गेला यावर वाद. आणि तो खांब सगळ्यात नीट कोणाला दिसतो? तुमच्या मुलीला. स्कोअरबोर्ड कालव्याच्या बाजूला ठेवलात तर अंपायरपेक्षा तिला जास्त नीट दिसतं, आणि तिला कोणी विचारत नाही.

चाफेकळी

स्कोअरबोर्डच्या मागे नक्की काय असतं? ती आत कशी बसते, उभी असते की स्टूलवर, बाहेर कुठून बघते? मला तेच वाचायचंय.

फेनवेवाला

फेनवेचा स्कोअरबोर्ड डाव्या भिंतीतच आहे आणि अजून हातानेच चालवतात. आत म्हणजे भिंतीच्या पोटात अरुंद काँक्रीटची खोली, उन्हाळ्यात प्रचंड उकडतं, बाहेर बघायला बारीक फटी, भिंतीवर आतून खेळाडूंच्या सह्या. बॉल भिंतीवर आपटला की आत केवढा दणका बसत असेल विचार करा. पाट्या जड, प्रत्येक आकड्याची वेगळी, आतून खाचेत सरकवायच्या. त्या स्कोअरबोर्डवर उभ्या पांढऱ्या रेषेत टिंबं आणि रेघा आहेत, मोर्स कोडमध्ये जुने मालक टॉम यॉकी आणि त्यांची बायको जीन यांची आद्याक्षरं. हजारो लोक रोज बघतात, वाचता किती जणांना येतं?

गावातल्या मैदानावर काँक्रीट नसेल, लाकडी खोकं असेल, मागे शिडी, पत्र्याचं छप्पर. पाट्या सहज हातात येतील अशा खिळ्यांवर टांगलेल्या, शून्याच्या पाट्या सगळ्यात जास्त आणि सगळ्यात झिजलेल्या, कारण बेसबॉलमध्ये बहुतेक इनिंगला शून्यच लागतो.

माळीबुवा

ताई, आराखडा झाला की त्यावर उत्तर दिशा दाखवून इथे टाका. कालवा उजवीकडे म्हणजे आग्नेयेला येतो, मावळतीचं ऊन थेट स्कोअरबोर्डच्या तोंडावर पडणार आणि फटींतून मुलीच्या डोळ्यांत. संध्याकाळच्या मॅचमध्ये पहिल्या तीन इनिंगला तिला तो खांब दिसणारच नाही, दिवे लागल्यावर दिसेल. कुठला वाद कुठल्या इनिंगला घालायचा ते त्यावर ठरवा.